थायलंडमध्ये अंगावर पुरळ उठलं तर: थाई पारंपरिक उपचार कसे, कुठे आणि कितपत घ्यावेत

नोकरीसाठी, शिकायला किंवा फिरायला थायलंडमध्ये आलेल्या मराठी माणसाला सुरुवातीच्या महिन्यांत त्वचा हमखास त्रास देते. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात घामोळं, पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, बेटांवर गेलं की वाळूमाश्यांनी उठवलेल्या गांधी. मग औषधाच्या दुकानात जावं, तर एका कपाटात ओळखीची मलमं आणि दुसऱ्यात हिरव्या-पिवळ्या वेष्टनांतली वनौषधी, सगळं थाई लिपीत. शेजारची थाई मावशी कुंपणावरचं पान चुरगाळून लावायला सांगते, ऑफिसमधला सहकारी कुणा वैद्याचं नाव सुचवतो, आणि बँकॉकच्या सुखुमवित रस्त्यावरच्या भारतीय ओळखी सांगतात की असल्या भानगडीत पडूच नका.

मी कुटुंबासह बँकॉकमध्ये राहते. स्वतःच्या आणि मुलाच्या त्वचेसाठी आम्ही थाई पारंपरिक उपचार घेतले आहेत. मी डॉक्टर नाही, पण कुणाकडे जावं, सोबत काय न्यावं, कशावर काय चालतं आणि कुठे थांबावं हे एका जागी मराठीत वाचायला मिळालं असतं तर पुष्कळ गोंधळ टळला असता. म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवातीलाच एक सांगते. थाई पारंपरिक वैद्यक हा इथे चोरूनमारून चालणारा प्रकार नाही. थायलंडच्या सार्वजनिक आरोग्य मंत्रालयात २००२ पासून त्यासाठी वेगळा विभाग आहे, सरकारी इस्पितळांत त्याचे बाह्यरुग्ण कक्ष आहेत आणि देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत वनौषधींचा स्वतंत्र भाग आहे. त्यामुळे हे उपचार रीतसर घेता येतात. अडचण येते ती दोन ठिकाणी: पुरळ न ओळखताच औषध लावलं जातं, आणि माणूस चुकीचा निवडला जातो.

१. आधी पुरळ कसलं आहे ते बघा

लाल झालं आणि खाजतं, एवढ्यावर कुठलंही औषध ठरत नाही. इथल्या वैद्याला किंवा दुकानदाराला सांगता यावं म्हणून थाई नावंही देते. उच्चार जवळपासचे आहेत, तेवढ्यावर काम भागतं.

घामोळं म्हणजे ‘फोत’. मान, पाठ, काखा, कोपराचा खळगा, लहान मुलांच्या डायपरच्या कडा. गार हवेत बसलं की उतरतं.

अंगावर पित्त उठतं ते ‘लोम फित’. गांधी येतात, काही तासांत एका जागेवरून जातात आणि दुसरीकडे उठतात. एकच गांध एका दिवसापेक्षा जास्त वेळ त्याच जागी राहिली, दुखू लागली, तर ते साधं पित्त नसावं, डॉक्टरांना दाखवा.

गजकर्ण म्हणजे ‘क्लाक’ आणि शिबं म्हणजे ‘क्लुअन’. गजकर्णाला कडा उठून दिसणारी गोल चकती असते, शिबं पाठीवर-छातीवर फिकट किंवा तपकिरी डागांसारखी पसरतात. दोन्ही बुरशीचे आजार.

चिखल्या म्हणजे ‘नाम कात थाव’. रस्त्यावर पाणी तुंबलं की बँकॉकमध्ये घरोघरी दिसतात. २०११ च्या मोठ्या पुरात तर ही सार्वत्रिक तक्रार होती.

नागीण म्हणजे ‘न्गू सवात’. शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यात येणारे पाणीदार फोड, आणि अनेकदा फोडांच्या आधीच सुरू झालेली आग किंवा ठणका.

आता ज्याबद्दल आपल्याकडून आलेल्यांना सहसा कुणी सांगत नाही, तो किडा. थाईत त्याला ‘दुआंग कोन क्रदोक’ म्हणतात. काळ्या-नारिंगी पट्ट्यांचा, मुंगीएवढा लांबट किडा. पावसाळ्यात ट्यूबलाइटकडे येतो. चावत नाही, पण अंगावर बसल्यावर आपण त्याला चिरडलं की त्याच्या शरीरातलं जळजळीत द्रव्य त्वचेला लागतं. तेव्हा काहीच वाटत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चाबकाचा वळ उठावा तशी लाल रेघ दिसते आणि तिच्यावर फोड येतात. कित्येकजण ती नागीण समजून घाबरतात. किडा अंगावर दिसला तर फुंकर मारून उडवा, चिरडला गेला तर ती जागा आणि हात लगेच साबणाने धुवा, डोळ्यांना हात लावू नका. दिवे लावून खिडकी उघडी ठेवायची असेल तर जाळी हवीच.

रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर बारीक पुळ्या, घरातल्या दुसऱ्यालाही तेच, तर ती खरूज असू शकते. तिला कुठलाही पाला पुरत नाही. पर्मेथ्रिनसारखं औषध घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी लावावं लागतं.

२. या लक्षणांत थेट इस्पितळात जा

पुढची लक्षणं दिसली तर पारंपरिक दवाखाना, स्पा, शेजारणीचं पान, सगळं बाजूला ठेवा.

ओठ, जीभ किंवा डोळ्यांभोवती सूज, घशात आवळल्यासारखं वाटणं, धाप लागणं, चक्कर: थायलंडचा वैद्यकीय तातडीचा क्रमांक १६६९ आहे. तो लावा.

नवं औषध सुरू केल्यानंतर आलेलं पुरळ आणि सोबत ताप, तोंडात किंवा डोळ्यांत जखमा, कातडी सुटणं: हे औषधाच्या गंभीर दुष्परिणामाचं लक्षण असू शकतं. संशयित औषध बरोबर घेऊन लगेच निघा.

ताप आणि पुरळ एकत्र: इथे डेंग्यू वर्षभर असतो. रक्ततपासणी होईपर्यंत ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन घेऊ नका, फक्त पॅरासिटामॉल. ताप उतरवणाऱ्या थाई काढ्यांवरही डेंग्यूचा संशय असेल तर घेऊ नये अशी सूचना असते, कारण लक्षणं झाकली जातात. काचेचा पेला दाबून धरल्यावरही न विरणारे लाल-जांभळे ठिपके दिसले, तर क्षणभरही थांबू नका.

डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर आलेली नागीण: दृष्टीचा प्रश्न आहे.

नागिणीबद्दल थोडं जास्त लिहिते. नागिणीची तोंडं जुळून विळखा पूर्ण झाला की माणूस दगावतो, अशी समजूत आपल्या गावांतून आहे. तशीच ती थायलंडच्या खेड्यांतही आहे. आपल्याकडे नागीण उतरवणारे असतात, गेरूचा लेप लावतात, तसे इथे मंत्र म्हणून फुंकर घालणारे ‘मो पाव’ असतात. विळखा सहसा पूर्ण होतच नाही, कारण एका मज्जातंतूच्या पट्ट्यातच हा आजार राहतो. पण या सगळ्यात पहिले तीन दिवस निघून जातात आणि विषाणूविरोधी गोळ्यांचा खरा उपयोग पहिल्या ७२ तासांत सुरू केल्या तर होतो. उशीर झाला की फोड सुकल्यानंतरही महिनोन्‌महिने ठणका राहण्याचा धोका वाढतो, विशेषतः पन्नाशीच्या पुढे. घरी आई-वडील राहायला आले असतील तर हे लक्षात ठेवा. आधी गोळ्या, मग हवं तर त्यासोबत थाई मलम.

समुद्रात जेलीफिशचा डंख बसला तर पुरळ नंतर, आधी प्रथमोपचार. थायलंडच्या अनेक किनाऱ्यांवर व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेले खांब असतात. डंखावर किमान अर्धा मिनिट व्हिनेगर ओतत राहा, चोळू नका, गोडं पाणी टाकू नका, १६६९ ला फोन करा.

३. माणूस नीट निवडा

थाई पारंपरिक वैद्यकात चार वेगवेगळे परवाने असतात: वैद्यकी, औषधनिर्मिती, प्रसूतिसेवा आणि मालिश. २०१३ च्या कायद्यानुसार त्यासाठी स्वतंत्र व्यावसायिक परिषद आहे. शिवाय विद्यापीठातून ‘उपयोजित थाई वैद्यक’ शिकून आलेल्यांचा वेगळा परवाना असतो, त्यांना आधुनिक शरीरशास्त्रही शिकवलेलं असतं.

मालिशचा परवाना म्हणजे पुरळावर औषध देण्याचा परवाना नव्हे. भिंतीवर चौकटीत लावलेलं प्रमाणपत्र पाहून आपण भारावतो, पण ते कसलं आहे हे विचारायला हवं. ‘वेचकाम थाय’ म्हणजे वैद्यकीचा परवाना आहे का, एवढं विचारा. ‘नुआत’ हा शब्द ऐकू आला तर तो मालिशचा. विचारल्याचा इथे कुणी राग मानत नाही, नमस्कार करून नम्रपणे विचारलं म्हणजे झालं.

सुरक्षित वाट कोणती? माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या वेळी सरकारी किंवा विद्यापीठाच्या इस्पितळातच जा. बँकॉकमध्ये सिरिराज इस्पितळाच्या आवारात उपयोजित थाई वैद्यकाचं केंद्र आहे. प्राचीनबुरी प्रांतातलं चाव फ्राया अफायफुबेत इस्पितळ तर वनौषधींसाठी देशभर ओळखलं जातं. तिथे १९०९ साली बांधलेल्या जुन्या वाड्यात थाई औषधांचं संग्रहालय आहे आणि त्यांची मलमं-लोशनं देशभरच्या दुकानांत मिळतात. बँकॉकचं वात फो मंदिर बहुतेकांना मालिशच्या शाळेमुळे माहीत असतं. तिथले वैद्यकाचे शिलालेख युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत आहेत, जरूर पाहा, पण पुरळ दाखवायची ती जागा नाही.

पुरळ कसलं हेच कळत नसेल तर बँकॉकच्या राजविथी रस्त्यावरच्या सरकारी त्वचारोग संस्थेत आधी निदान करून घ्या. निदानाचा कागद हातात असला की पारंपरिक वैद्याचंही काम सोपं होतं.

४. सोबत काय न्यायचं

पासपोर्ट, मूळ प्रत. मोबाइलमधला फोटो काही ठिकाणी चालतो, काही ठिकाणी नाही. नोकरीमुळे थाई सामाजिक सुरक्षा योजनेत नाव असेल तर ते कार्ड, आणि योजनेत तुम्हाला नेमून दिलेलं इस्पितळ कोणतं हे आधी बघून ठेवा, कारण सवलत तिथेच मिळते. खासगी विमा पारंपरिक उपचारांना लागू होतो का, हे आधीच विचारा. अनेकदा होत नाही.

सध्या चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी, रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांसकट. भारतातून आणलेली मलमंही पिशवीत घाला, अगदी अर्धी संपलेली ट्यूबसुद्धा. यामागचं कारण पुढे येतं.

पुरळाचे रोज काढलेले फोटो, शक्यतो एकाच उजेडात. पित्ताच्या गांधी तर डॉक्टरांसमोर पोचेपर्यंत गायब होतात, तिथे फोटो हाच पुरावा.

ज्याची ॲलर्जी आहे त्या औषधांची आणि पदार्थांची नावं थाई लिपीत लिहून घ्या. ‘फॅ’ म्हणजे ॲलर्जी, ‘फॅ या’ म्हणजे औषधाची ॲलर्जी, ‘खान’ म्हणजे खाज. गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर ते न विचारता आपणहून सांगा.

कपडे सैल घाला. अंगावर काही लावून जाऊ नका, तेलही नाही.

५. दवाखान्यात काय घडतं

सरकारी इस्पितळात आधी ‘वेचरबियन’ म्हणजे नोंदणीच्या खिडकीवर पासपोर्ट दाखवून रुग्णक्रमांक मिळवायचा. मग वजन-रक्तदाब, मग ‘फॅत फॅन थाय’ म्हणजे थाई वैद्यकाचा कक्ष. सकाळी लवकर पोचलात तर बरं, दुपारनंतर नवे रुग्ण घेतलेच जातील असं नाही. तपासणी झाली की पैसे भरायचे आणि औषधाच्या खिडकीवर नंबर लागायची वाट पाहायची. औषधं साधारण स्वस्त असतात.

वैद्य जन्मतारीख विचारतात, जन्मगाव विचारतात, त्रास दिवसाच्या कोणत्या वेळी वाढतो, ऋतू बदलल्यावर काय होतं, हेही विचारतात. नवख्या माणसाला हे ज्योतिषासारखं वाटतं. पण थाई वैद्यकाची मांडणीच तशी आहे: पृथ्वी, आप, वायू, तेज हे चार धातू, आणि आजाराची मुळं शोधायची ती धातू, ऋतू, वय, काळ आणि प्रदेश या पाच अंगांनी. वयाचंही गणित असतं. सोळापर्यंत कफाचा जोर, सोळा ते बत्तीस पित्ताचा, त्यापुढे वाताचा. आयुर्वेद थोडाफार ऐकलेल्या मराठी माणसाला यात परकं काही वाटणार नाही, कारण बौद्ध धर्माबरोबर पाली भाषेतून हे ज्ञान तिकडे गेलं आहे. थाई वैद्य ज्याला आपला आदिगुरू मानतात तो जीवक कोमारभच्च मगधाच्या राजगृहाचा, बुद्धाचा वैद्य. बऱ्याच कक्षांत त्याची मूर्ती आणि समोर फुलं दिसतील.

जुनाट, चिघळणाऱ्या त्वचारोगाला ‘नाम लुअंग सिया’ म्हणतात, म्हणजे शरीरातला पिवळा द्रव बिघडला अशी कल्पना. हे निदान ऐकलं तर पुढे विचारा की आधुनिक भाषेत हा इसब आहे, बुरशी आहे की सोरायसिस. चांगला वैद्य उत्तर देतो किंवा त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवतो.

पथ्य सांगितलं जातं. कुपथ्याच्या पदार्थांना ‘खॉन्ग सलॅंग’ म्हणतात: आंबवलेली मासळी, बांबूचे कोंब, कोळंबी-खेकडे, दारू. पित्त उठणाऱ्या काहींना सागरी मासळीने खरोखर त्रास होतो, त्यांनी ते पाळावं. पण लहान मुलाची अंडी, दूध, मासे सगळं एकदम बंद करायला सांगितलं तर बालरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय करू नका.

६. कोणतं औषध कशावर

इथे जरा सविस्तर लिहिते, कारण दुकानात उभं राहून हेच आठवावं लागतं.

फया यो. त्वचेसाठी एकच थाई वनौषधी घरात ठेवायची तर मी हीच ठेवीन. शास्त्रीय नाव क्लिनाकॅन्थस न्यूटन्स. कॅलामाइनसारख्या लोशनमध्ये मिसळून मिळते ती घामोळं, पित्ताच्या गांधी आणि किड्यांच्या चावण्यासाठी. मलमाच्या रूपात मिळते ती ओठावर येणाऱ्या तापाच्या फोडांसाठी आणि नागिणीसाठी, ही दोन्ही रूपं राष्ट्रीय यादीत आहेत. नागिणीवर थायलंडमध्ये छोट्या चाचण्याही झाल्या आहेत, पण गोळ्यांना पर्याय म्हणावं एवढा तो पुरावा नाही. लोशन आणि मलम यांत गल्लत करू नका, दुकानात पुरळाचा फोटो दाखवा. लोशन बाटली हलवून, दिवसातून चार-पाच वेळा, चोळण्याऐवजी टिपून लावायचं. मुलाच्या घामोळ्यावर आम्हाला याचा गुण आला, अर्थात सुती कपडे आणि पंखा यांचा वाटा त्यात मोठा होता.

थाँग फान चांग. आपल्याकडे हिला गजकर्णी म्हणतात, कामही तेच: गजकर्ण, शिबं, चिखल्या. स्पिरिटमधला अर्क किंवा मलम मिळतं. अर्क चिरलेल्या, ओरबाडलेल्या त्वचेवर झोंबतो, तिथे मलम घ्या. डाग गेल्यावरही काही दिवस लावत राहायचं, नाहीतर परत येतं. आणि एक महत्त्वाचं: भारतात अलीकडे टर्बिनाफिन या बुरशीविरोधी औषधालाही दाद न देणारी गजकर्णाची बुरशी पसरली आहे. जांघेत, कमरेला, मोठ्या चकत्या, महिनोन्‌महिने येऊन-जाऊन असतील आणि तुम्ही त्या भारतातूनच घेऊन आला असाल, तर या पानाच्या भरवशावर राहू नका. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि नमुना तपासून घ्या.

चुम हेत थेत. पिवळ्या मेणबत्तीसारखी फुलं येणारं झुडूप, आपल्याकडे दादमर्दन म्हणून ओळखलं जाणारं. पानं बुरशीवर बाहेरून लावतात. याच पानांचा चहा दुकानात मिळतो तो बद्धकोष्ठासाठी. खाजेवर म्हणून तो प्यायलात तर फक्त जुलाब होतील.

विड्याचं पान, थाईत ‘फ्लू’. पान वाटून तांदळाच्या पांढऱ्या दारूत कालवून पित्ताच्या गांधींवर लावणं हा इथला जुना घरगुती उपाय आहे. पानाचं तयार जेलही मिळतं आणि मला तेच बरं वाटतं, कारण त्यात प्रमाण ठरलेलं असतं. दारूत कालवलेला लेप मुलांना, चेहऱ्याला आणि सोललेल्या त्वचेला कधीही लावू नका.

तामल्युंग, म्हणजे आपल्या तोंडलीचा वेल. थाई लोक याच्या कोवळ्या पानांचं सूप करतात, आणि मुंगी, सुरवंट चावल्यावर हीच पानं चुरगाळून लावतात. साधा, बहुतेकांना सोसणारा उपाय.

फाक बुंग थले, कोकणच्या किनाऱ्यावर वाळूत पसरलेली आपली मर्यादवेल. जेलीफिशच्या डंखावर ही पानं वाटून लावायची रीत थायलंडच्या कोळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि थाई संशोधकांनी तिच्यावर कामही केलं आहे. मात्र व्हिनेगर आधी, डॉक्टर आधी, आणि उरलेल्या साध्या पुरळावर मग ही वेल.

न्गुअक प्ला मॉ. ठाण्याच्या खाडीत, कोकणातल्या खारफुटीत वाढणारी काटेरी पानांची मरांडी, तीच ही. काढा करून त्या पाण्याने आंघोळ घालतात, जुनाट खाजेवर. पोटात घ्यायच्या गोळ्याही विकतात, त्या परवानाधारक वैद्याने दिल्याशिवाय घेऊ नका.

कोरफड उन्हाने भाजलेल्या त्वचेसाठी. पान कापल्यावर निथळणारा पिवळा चीक पूर्ण धुऊन टाका, त्यानेच खाज सुटते.

‘या खियाव हॉम’ ही सुगंधी हिरवी पूड गोवर-कांजिण्यांच्या तापात देतात. फुलांच्या परागांची ॲलर्जी असलेल्यांनी जपून. माझ्या मते गोवर-कांजिण्यांचा संशय असेल तर आधी डॉक्टर, ही पूड नंतर, विचारून.

पुरळावर काय लावू नये: पिवळं तेल, बाम, मेन्थॉल-कापराची कुठलीही कुपी. क्षणभर गार वाटतं, मग आग होते. बाळाच्या नाकाजवळ तर कापूर अजिबात नको. वनौषधींची गरम पुरचुंडी आणि वाफेची खोली हेही टाळा. सुजलेल्या, खाजणाऱ्या त्वचेला उष्णता दिली की पुरळ पसरतं, आणि संसर्गजन्य पुरळ घेऊन वाफेच्या खोलीत जाणं इतरांवर अन्याय आहे.

७. लेबल वाचायला शिका

थायलंडमध्ये बौद्ध सन चालतो, इसवी सनापेक्षा ५४३ वर्षं पुढे. २५६८ म्हणजे २०२५. काही वेष्टनांवर नुसते शेवटचे दोन आकडे असतात आणि आपण ते इसवी सन समजून मुदत संपलेली बाटली ताजी म्हणून घरी आणतो. आकड्यांतून ५४३ वजा करा, दोनच आकडे असतील तर ४३. ‘फलित’ म्हणजे उत्पादन, ‘मोत आयु’ म्हणजे मुदत संपण्याची तारीख. हे दोन शब्द थाई लिपीत कसे दिसतात ते भाषांतराच्या ॲपवर एकदा बघून ठेवा.

नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. वनौषधी उत्पादनांसाठी २०१९ चा स्वतंत्र कायदा आहे आणि औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूला नोंदणी लागते. शंका आली तर थाई अन्न व औषध प्रशासनाचा १५५६ हा क्रमांक आहे. बिनलेबलची डबी, हाताने चिकटवलेला कागद, ‘सगळ्या त्वचारोगांवर’ असा दावा, यांपैकी काहीही दिसलं तर ठेवून द्या.

सगळ्यात मोठा सापळा ‘लुक क्लोन’ म्हणजे हाताने वळलेल्या काळ्या-तपकिरी गोळ्या. सगळ्याच वाईट नसतात. पण बाजारात विकल्या जाणाऱ्या अशा गोळ्यांत डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन यांसारखी स्टिरॉइडं मिसळलेली सापडणं हा थायलंडमधला जुना प्रश्न आहे, इतका की तिथल्या सरकारी प्रयोगशाळांनी ती ओळखायचे तपासणी संचच तयार केले आहेत. अनेक वर्षांची खाज दोन दिवसांत नाहीशी झाली, भूक एकदम वाढली, चेहरा गोल सुजू लागला, तर आनंद न मानता संशय घ्या. आणि संशय आला म्हणून बरेच दिवस घेतलेल्या गोळ्या एकाएकी बंद करू नका, तेही धोक्याचं असतं. डॉक्टरांना गोळी दाखवून हळूहळू कमी करा.

भारतातून आणलेल्या ट्यूबा दाखवायला सांगितल्या त्या याचसाठी. आपल्याकडे स्टिरॉइड, बुरशीविरोधी आणि जंतुनाशक असं तीन औषधांचं एकत्र मलम सर्रास वापरलं जातं. त्याने गजकर्णाचं रूपच बदलतं, कडा पुसट होतात आणि अनुभवी डॉक्टरही चकतो. त्यावर थाई मलम लावून गुण-दोष ठरवायला गेलं तर काहीच कळत नाही.

८. ताजं पान लावायचंच असेल तर

झाड ओळखणाऱ्या माणसाकडून घ्या. फया यो आणि तिच्या काटेरी भावंडाचं थाईत जवळजवळ एकच नाव आहे, सलेत फांगफॉन, एक मादी आणि एक नर. बिनकाट्याची, लाल फुलांची ती फया यो. काटे आणि पिवळी-नारिंगी फुलं असतील तर ते दुसरं, आपल्या कोरांटीच्या कुळातलं.

रस्त्याकडेचं पान नको, फवारणी आणि कुत्री दोन्ही तिथे असतात. कुंडीतलं घ्या, वाहत्या पाण्यात धुवा, स्वच्छ खलबत्त्यात कुटा. मसाल्याचा खलबत्ता वापरू नका, मिरचीचा अंश राहतो.

आधी कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर लावा आणि एक दिवस थांबा. लाल झालं नाही, आग झाली नाही, तरच पुरळावर. लेप वाळला की धुऊन टाका, रात्रभर बांधून झोपू नका. फुटलेल्या फोडावर, उघड्या जखमेवर, डोळ्यांजवळ आणि दोन वर्षांखालच्या बाळाला कच्चा पाला लावू नका. एका वेळी एकच औषध. तीन एकदम लावली की कशाने बरं झालं आणि कशाने बिघडलं हे कुणालाच सांगता येत नाही.

९. किती वाट पाहायची

घामोळं आणि किड्यांच्या गांधी दोन-तीन दिवसांत उताराला लागायला हव्यात. बुरशीला काही आठवडे लागतात, पण दोन आठवड्यांत काहीच फरक नसेल तर पुढे वाट पाहू नका. पित्त रोज उठत सहा आठवड्यांच्या पुढे गेलं तर तो जुनाट प्रकार, त्याला तज्ज्ञच हवा. पू, पिवळी खपली, पुरळाभोवती गरम लाली, किंवा त्यातून निघून वर सरकणारी लाल रेघ दिसली तर जंतुसंसर्ग झाला आहे, त्याच दिवशी इस्पितळ.

लावलेल्या औषधानेच खाज वाढली तर पाण्याने धुऊन टाका आणि परत लावून बघायचा मोह टाळा. ‘आधी वाढतं, मग बरं होतं, विष बाहेर पडतंय’ असं कुणी समजावेल. त्वचेच्या बाबतीत ते ऐकू नका.

१०. भारतात परतताना

सीलबंद, लेबल असलेलं मलम-लोशन स्वतःच्या वापरापुरतं आणा आणि पावती ठेवा. १०० मिलिलीटरपेक्षा मोठी बाटली केबिन बॅगेत नको. रोप, कलम, मुळं आणू नका, वनस्पती विलगीकरणाच्या नियमांत ती परवान्याशिवाय बसत नाहीत. फया यो कितीही आवडली तरी कुंडी तिथेच ठेवा.

गांजाचा अंश असलेलं तेल, बाम किंवा मलम बँकॉकच्या दुकानांत खाजेवर म्हणून विकायला दिसेल. तिथले नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले, पण भारतात अमली पदार्थविरोधी कायदा कडक आहे आणि मुंबई विमानतळावर बँकॉकच्या विमानांची झडती नेहमीची आहे. वेष्टनावर हिरवं, पाच-सात बोटांचं पान छापलेलं असेल तर ती वस्तू उचलूच नका, भेट म्हणून कुणी दिली तरी परत करा.

नेहमीच्या डॉक्टरांना दाखवायला लेबलांचे दोन्ही बाजूंचे फोटो, थाई वैद्याने दिलेला कागद आणि पुरळाचे तारीखवार फोटो एकाच फोल्डरमध्ये ठेवा. इस्पितळातून इंग्रजी सारांश मागितला तर बहुतेक मोठ्या ठिकाणी मिळतो, पण तो निघायच्या आदल्या दिवशी न मागता शेवटच्या तपासणीच्या वेळीच मागून घ्या, कारण सही व्हायला दोन-तीन दिवस लागू शकतात.